"बळी तो कान पिळी" हा निसर्गाचा कायदा नाहीये: फिरत असलेल्या त्या मेसेजला एकेक करून उत्तर

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, वाघाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात मजकूर. तो साधारण असा आहे: "निसर्गाचा एकच कायदा, बळी तो कान पिळी. तळाला गवत, त्यावर गवत खाणारे, त्यावर त्यांना खाणारे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर माणूस. मोठा लहानाला खातो. वरच्याला कोणी खात नाही. किडामुंगी असली काय नि नसली काय. शिकारी प्राणी संपले तर उलट हरणं वाढतील. जो खातो तो जिंकला, जो खाल्ला गेला तो हरला."

वाचायला जोरदार वाटतं, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण हेच डोक्यात घेऊन माणसं मोठी होतात आणि मग एखादं तळं बुजवताना किंवा जंगल तोडताना म्हणतात की जाऊ दे, त्यात किडेच तर आहेत. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"सगळ्यांच्या डोक्यावर माणूस". कोण कुठल्या पायरीवर आहे हे मोजायची एक पद्धत आहे, ताकदीवरून नाही तर खाण्यावरून. स्वतःचं अन्न स्वतः बनवणारी झाडं, गवत, शेवाळ म्हणजे लेव्हल १. फक्त झाडपाला खाणारा २. फक्त झाडपाला खाणाऱ्यांनाच खाणारा ३. आणि दोन्ही खाणारा असेल तर मधला आकडा, म्हणजे अर्धं पोट झाडपाल्यावर आणि अर्धं शाकाहारी प्राण्यांवर भरत असेल तर २.५. आता माणसाचं बघा. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी १७६ देशांमध्ये १९६१ ते २००९ या काळात लोक काय काय खातात त्याची आकडेवारी घेऊन जगभरातल्या माणसाची सरासरी काढली, ती आली २.२१. ही लेव्हल डुकराची आहे, अँकोव्ही नावाच्या छोट्या माशाची आहे. किलर व्हेल किंवा ध्रुवीय अस्वल पाचच्या पुढे जातात. म्हणजे आपण धान्य, भाज्या, फळं, डाळी खाणारे आणि जोडीला थोडं मांस, मासे, दूध घेणारे प्राणी आहोत, टोकावर वगैरे बिलकुल नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. माणसाचा दणका मोठा आहे हे खरं आहे. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की माणूस पूर्ण वाढ झालेल्या भक्ष्याला इतर शिकाऱ्यांच्या तुलनेत १४ पटींपर्यंत जास्त प्रमाणात मारतो, आणि सगळ्यात जास्त फरक माशांच्या बाबतीत आहे. इतर शिकारी जास्त करून पिल्लं, म्हातारे, आजारी असे उचलतात, आपण मात्र अंडी घालणारे मोठे मासे जाळ्यात ओढतो. पण जास्त मारणं आणि अन्नसाखळीत वर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यावरून दुसरी सिद्ध होत नाही.

"मोठा लहानाला खातो". याला मात्स्यन्याय म्हणतात, म्हणजे नावच माशांवरून पडलंय, तर माशांचंच उदाहरण घेऊ. बाल्टिक समुद्रात कॉड नावाचा मोठा मासा आहे, तो स्प्रॅट आणि हेरिंग या छोट्या माशांना खातो. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण हेच स्प्रॅट आणि हेरिंग पाण्यात तरंगणारी कॉडची अंडी खातात. कॉड भरपूर असला की तो छोट्यांना आटोक्यात ठेवतो आणि त्याची अंडी वाचतात, कॉड कमी झाला की छोटे वाढतात आणि कॉडची पुढची पिढी अंड्यातच संपवायला लागतात. आता यात वरचा कोण आणि खालचा कोण ते ठरवून दाखवा.

बेडूक आणि चतुर यांचंही तसंच आहे. मोठा बेडूक उडणारा चतुर पकडून खातो हे सगळ्यांना माहितीये, पण चतुराचं बालपण पाण्यात जातं, तिथे त्याची अळी जबडा पुढे फेकून शिकार करते आणि त्या शिकारीत बेडकाची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे टॅडपोल, पण असतात. आणि टॅडपोल स्वतः काय खातात तर मुख्यतः शेवाळ. म्हणजे एकच बेडूक लहानपणी शाकाहारी, मोठेपणी शिकारी, लहानपणी ज्याच्या तोंडी जायचा त्यालाच मोठेपणी गिळणारा. पुस्तकातल्या चित्रात गवत, टोळ, बेडूक, साप, घार अशी एका खाली एक चित्रं आणि मध्ये बाण असतात ना, ते मुलांना सुरुवात करून द्यायला ठीक आहे पण प्रत्यक्षात ती साखळी नसून जाळं आहे, अन्नजाळं, आणि त्यातले धागे वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलत राहतात. झाडं तरी कायम तळाला असतात का, तर तेही नाही, दवबिंदू वनस्पती आणि घटपर्णी किडे पकडून पचवतात कारण त्या जिथे वाढतात तिथल्या मातीत नायट्रोजन कमी असतो.

"वरच्याला कोणी खात नाही". हे वाक्य सगळ्यात जास्त चुकीचं आहे आणि इथे थोडा वेळ थांबतो, कारण परजीवींकडे कुणी बघतच नाही. उवा, गोचीड, जळू, पोटातले जंत, रक्तातले एकपेशीय जीव, हे सगळे खाणारेच आहेत, फक्त ते मारून खात नाहीत, जिवंतपणी थोडं थोडं खातात. वाघाच्या अंगावर गोचीड आणि आतड्यात जंत असतात. माणसाला डास चावतो ते जेवणच असतं, अंडी तयार करायला डासाच्या मादीला रक्त लागतं.

कॅलिफोर्नियात कार्पिंटेरिया नावाची एक खारी दलदल आहे, तिथल्या अन्नजाळ्याचा संशोधकांनी अनेक वर्षं बारकाईने अभ्यास केला. आधीच्या जाळ्यात परजीवी धरलेच नव्हते. २००६ मध्ये केविन लॅफर्टी आणि सहकाऱ्यांनी ते धरून पुन्हा मोजलं तेव्हा कळलं की कोण कोणाला खातो याचे जेवढे धागे आहेत त्यातल्या सुमारे ७५ टक्के धाग्यांमध्ये कुठला ना कुठला परजीवी आहे. पुढे २००८ मध्ये याच प्रकारच्या खाड्यांमध्ये परजीवींचं एकूण वजन काढलं तर ते तिथल्या सगळ्यात वरच्या शिकाऱ्यांच्या, म्हणजे पक्ष्यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलं. दुसऱ्यांच्या अंगात लपलेले हे जीव, आणि वजनात पक्ष्यांना भारी.

त्याच दलदलीतला एक चपटा कृमी आहे, त्याचं आयुष्य तीन घरांत जातं, आधी गोगलगाय, मग किलिफिश नावाचा बोटाएवढा मासा, आणि शेवटी पक्षी. माशात शिरल्यावर तो थेट मेंदूवर जाऊन बसतो. मग तो मासा विचित्र वागायला लागतो, पृष्ठभागाशी येतो, अंग उलटं करतो, पोट चमकतं, झटके देतो. १९९६ च्या अभ्यासात दिसलं की असे मासे निरोगी माशांपेक्षा १० ते ३० पट जास्त प्रमाणात पक्ष्यांच्या तोंडी जातात. कृमीला हेच हवं असतं कारण त्याला अंडी पक्ष्याच्या आतड्यात घालायची असतात. पाण्यात उभा राहून मासा टिपणारा बगळा बघितला की आपण म्हणतो काय शिकारी आहे, पण तो मासा त्याच्या चोचीपर्यंत कोणी आणला तर एका कृमीने, आणि आता तो कृमी बगळ्याच्या आत राहून बगळ्याचं खाणार.

आणि वर असणं म्हणजे सुरक्षित असणं पण नाही. याच राज्यात क्लिअर लेक नावाचा तलाव आहे, तिथे चिलटांचा त्रास होता, म्हणून १९४९ पासून पाण्यात डीडीडी टाकलं, डीडीटी या कीटकनाशकाचं भावंड. प्रमाण अगदी कमी, पाण्याच्या दर दहा लाख भागांत ०.०२ भाग. पण हे विष चरबीत साठतं आणि शरीरातून सहज बाहेर पडत नाही. आधी पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, म्हणजे प्लँक्टनमध्ये साठलं, ते खाणाऱ्या छोट्या माशांत जास्त, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी जास्त, आणि मासे खाणारे ग्रीब नावाचे पाणपक्षी मरायला लागले तेव्हा त्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांत १६०० भाग निघालं. पाण्याच्या ८०,००० पट. पाण्यात टाकलेल्या विषाची किंमत खालच्यांनी नाही, वरच्यांनी मोजली. किलर व्हेलच्या चरबीत आज पीसीबी नावाची कारखान्यांतली विषारी रसायनं साठतात आणि आईच्या दुधातून पिल्लाला जातात ते याच कारणाने.

"किडामुंगी असली काय नि नसली काय". आधी नुसतं वजन बघा. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचा हिशोब कार्बनच्या वजनात मांडला गेला. झाडं सुमारे ४५० गिगाटन (१ गिगाटन म्हणजे १०० कोटी टन), जिवाणू साधारण ७०, बुरशा १२ च्या आसपास, आणि सगळे प्राणी मिळून जेमतेम २, त्यातला माणूस ०.०६. त्या २ मधला निम्म्याच्या आसपास वाटा किडे, खेकडे, कोळंबी वगैरे सांधेपाद प्राण्यांचा आहे.

वर प्राणी कमी आणि खाली झाडं जास्त असं का, याचं कारण एनर्जी. हे नीट मांडलं रेमंड लिंडमन या तरुणाने, अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्या तळ्याचा अभ्यास करून. १९४२ मध्ये वयाची २७ वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच तो वारला आणि त्याचा तो पेपर त्याच वर्षी नंतर छापून आला. हरणाने खाल्लेल्या पानातलं बरंचसं लेंड्यांतून बाहेर पडतं, बरंचसं श्वास घेण्यात, पळण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होतं, हरणाच्या अंगाला थोडंच लागतं. म्हणून एका लेव्हलवरून पुढच्या लेव्हलवर साधारण दहावा हिस्सा पोचतो असं धरतात. हा पक्का नियम नाही हं, काही ठिकाणी २ टक्के, काही ठिकाणी २० च्या पुढे, पण अंदाजाला १० ठीक. म्हणजे १००० किलो झाडपाल्यावर १०० किलो हरणं, त्यावर १० किलो शिकारी. वरचा जो कोणी आहे तो खालच्याच्या उरल्यासुरल्यावर जगतोय, राजा प्रजेवर जगतो तसा नाही, कारण इथे प्रजेला राजाशिवाय बऱ्याचदा चालतं आणि राजाला प्रजेशिवाय चालतच नाही. निळा देवमासा, आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, तो काय खातो तर क्रिल, बोटाएवढे झिंग्यासारखे जीव, आणि क्रिल खातात डोळ्याला न दिसणारं वनस्पती प्लँक्टन. एवढं मोठं शरीर पोसायचं म्हणून तो उलट शिडीच्या खालच्या पायऱ्यांशी येऊन जेवतो.

आणि आणखी एक गोष्ट त्या मेसेजच्या चित्रातून पूर्ण गायब आहे. जमिनीवर जेवढा झाडपाला तयार होतो त्यातला फार मोठा भाग, जंगलात तर साधारण ९० टक्के, जिवंतपणी कोणी खातच नाही. तो गळतो, पडतो, वाळतो, आणि मग त्याला खाणारे वेगळे असतात, बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं, शेणकिडे. त्यांच्यामुळे त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस परत मातीत जातं आणि मुळांना मिळतं. हे थांबलं तर काय होतं ते ऑस्ट्रेलियाने बघितलंय. तिथे १७८८ मध्ये युरोपियन लोकांनी पहिल्यांदा गाईबैल नेले. तिथले शेणकिडे होते, पण ते कांगारूसारख्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, गाईच्या ओल्या शेणाला बहुतेक जण हात लावेनात. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते, गाई झाल्या लाखांनी, आणि ते शेण कुरणांवर महिनोन्महिने तसंच पडून सुकत राहिलं, त्याच्या भोवतीचं गवत गाई खाईनात, आणि शेणात माश्या प्रचंड वाढल्या. जॉर्ज बोर्नेमिसा हे हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ १९५० च्या सुमारास तिथे पोचले आणि त्यांना हे लगेच खटकलं कारण त्यांनी युरोपात शेण असं पडून राहिलेलं बघितलंच नव्हतं. मग त्यांच्या सांगण्यावरून आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून, त्यांच्याबरोबर रोग येऊ नये म्हणून काळजी घेऊन, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सोडायला सुरुवात झाली. जिथे किडे रुळले तिथे शेण जमिनीत जायला लागलं, माश्या कमी झाल्या. एवढ्या मोठ्या देशाला किडे शोधून, वाढवून, विमानाने आणावे लागले, आणि मेसेज म्हणतो असली काय नि नसली काय.

"शिकारी संपले तर हरणं वाढतील". हरणं वाढतील, हो, काही दिवस. पण त्याच्या पुढे काय. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मुकॉ बे नावाचा खडकाळ किनारा आहे, तिथे १९६३ पासून रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका पट्ट्यातले तारामासे उपटायचे आणि समुद्रात लांब फेकायचे, शेजारचा पट्टा तसाच ठेवायचा. तारामासा तिथला शिकारी, शिंपले खाणारा. मेसेजच्या हिशोबाने तो गेल्यावर सगळ्यांची चंगळ व्हायला हवी होती. झालं उलट, शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला, बाकीच्यांना चिकटायला जागा उरली नाही, आणि आधी तिथे १५ जाती होत्या त्या ८ वर आल्या. यावरूनच पेन यांनी १९६९ मध्ये अशा प्राण्यासाठी कीस्टोन हा शब्द वापरला, कमानीचा मधला दगड. अलास्काच्या बेटांवर केसाळ कातडीसाठी समुद्री पाणमांजरं मारून जवळपास संपवली होती, त्यांची शिकार थांबवणाऱ्या १९११ च्या करारानंतर काही बेटांवर ती परत वाढली आणि काहींवर नाही, तर पाणमांजरं असलेल्या बेटांभोवती केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची पाण्याखालची जंगलं दिसली आणि नसलेल्या ठिकाणी नुसता उघडा तळ, त्यावर सी अर्चिन नावाचे काटेरी गोळ्यासारखे जीव, कारण पाणमांजर अर्चिन खातं आणि अर्चिन केल्प खातात.

इथे आपल्याच बाजूच्या लोकांनाही एक सांगायचंय. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे परत आणले आणि नद्यांनी मार्ग बदलला, ही गोष्ट तितकीच फिरते आणि ती तितकीच सोपी करून सांगितलेली आहे. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे तिथे आणले, एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी झाडं वाढली, हे खरं. पण एल्क कमी व्हायला अस्वलं, प्यूमा नावाची मोठी रानमांजरं आणि उद्यानाबाहेरची शिकार पण कारण होती, आणि लांडगे नव्हते त्या काळात बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी, गेल्याने ओढे खोल खचले होते, तिथे नुसते लांडगे आल्याने विलो हे ओढ्याकाठचं झाड परत उभं राहिलं नाही, त्याला बीव्हरच्या बांधांनी वर येणारं पाणी लागतं. सत्तर वर्षं एक धागा तुटलेला असेल तर तो परत गाठ मारून जोडला की सगळं पूर्ववत होईल असं नसतं, म्हणूनच तो आधी तोडू नये असं मी म्हणतोय.

शेवटचं, "जो खाल्ला गेला तो हरला". गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो त्यामुळे वरून चरलं तरी ते परत वाढतं. फळाला गर असतोच कोणीतरी खावं म्हणून. आणि त्याच यलोस्टोनच्या उंच डोंगरांवर व्हाइटबार्क नावाचा पाइन आहे. त्याचे शंकू पिकले तरी आपोआप उघडत नाहीत, आणि बियांना वाऱ्यावर उडायला पंख नाहीत. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी चोचीने ते शंकू फोडतो, बिया जिभेखालच्या पिशवीत भरून नेतो आणि हिवाळ्यासाठी हजारोंनी जमिनीत पुरतो. बहुतेक नंतर खातो, काही राहून जातात, आणि नवीन पाइन जवळपास फक्त त्याच राहून गेलेल्या बियांतून उगवतात. पक्ष्याने बिया खाल्ल्या नाहीत तर या झाडाची पुढची पिढीच नाही. उरलेले शंकू लाल खारी गोळा करून ढीग लावून पुरतात, आणि हे ढीग कोण उकरतं, तर ग्रिझली अस्वल. ज्याला अशा मेसेजमध्ये वाघाच्या शेजारी सगळ्यात वरच्या रांगेत बसवतात ते अस्वल थंडीच्या झोपेआधी खारीने जमवलेल्या पाइनच्या बिया खाऊन चरबी वाढवतं. आणि त्या पाइनला सध्या तांबेरा खातोय, १९१० च्या सुमारास रोपांबरोबर तिकडे पोचलेली बुरशी.